जी. आय. पी. रेल्वेच्या वाटेने दोन रविवार : एका वारसा फेरीचे परीक्षण

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातली ‘जीआयपी’, या कंपनीच्या इतिहासावर मुंबईतील एक छोटा गट दोन रविवारांची मार्गदर्शित फेरी काढतो. पहिल्या रविवारी बोरीबंदर (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते भायखळा आणि दुसऱ्या रविवारी कर्जत, भोर घाट व खंडाळा असा तिचा बेत असतो. या पावसाळ्यानंतर मी ती पूर्ण केली. दोन्ही दिवसांचे मिळून माणशी १,८०० रुपये शुल्क होते, पंधरा माणसांची मर्यादा काटेकोरपणे पाळली गेली, आणि सगळे निरूपण मराठीत होते. गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांचे काम अजून घडते आहे, पुढे जे दोष मी सांगणार आहे ते दुरुस्त होण्याजोगे आहेत, आणि अशा फेऱ्या काढणाऱ्या इतरांनाही हे परीक्षण तितकेच लागू पडावे अशी माझी इच्छा आहे.

माझे मत आधीच सांगतो. ही फेरी करावी. मुंबईच्या रेल्वेविषयी जे कार्यक्रम मी आजवर पाहिले, त्यांत इमारतीचे कौतुक असते आणि पहिल्या गाडीची गोष्ट असते, पण कंपनी नसते. रेल्वे हा एक करार होता, त्या करारात कोणी पैसे घातले, जोखीम कोणाच्या माथी पडली आणि डोंगर कोणी फोडला, हे विचारले जात नाही. या फेरीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फार चांगली मिळतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अर्धवट राहते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या पदपथावर सगळे जमले. मार्गदर्शक एक तरुण वास्तुविशारद होत्या. त्यांचा आवाज रहदारीवर मात करण्याइतका खणखणीत होता आणि त्यांची तयारी पक्की होती. फेरीची पहिली जवळजवळ सत्तर मिनिटे त्यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर घालवली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा आराखडा, १८७८ मध्ये सुरू झालेले काम, दहा वर्षांचा काळ, सुमारे सोळा लाख रुपयांचा खर्च, प्रवेशद्वारावरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची प्रगतीची मूर्ती, जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेले कोरीवकाम, २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, हे सगळे त्यांनी नीट सांगितले. परंतु ही वास्तू उभी राहिली तेव्हा कंपनी जवळजवळ चाळीस वर्षांची झाली होती. कंपनीचा इतिहास ऐकायला आलेल्या माणसाला त्या वैभवापुढे इतका वेळ उभे केले, की आधीची सगळी धडपड नकळत त्या घुमटाची प्रस्तावना होऊन बसते. शिवाय या इमारतीविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. येथे अर्धा तास वाचवून तो दुसऱ्या रविवारी वापरावा, अशी माझी सूचना मी आयोजकांना तेथेच केली.

दर्शनी भिंतीवरची गोलाकार व्यक्तिचित्रे मात्र त्यांनी योग्य कारणासाठी दाखवली. कंपनीच्या संचालकांची ती चित्रे आहेत आणि त्यांत जमशेटजी जिजीभाई आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे दोन भारतीय आहेत. जुलै १८४४ मध्ये मुंबईतील व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिक लोहमार्गाच्या विचारासाठी एकत्र आले, तेव्हापासून नानांचा या उद्योगात पुढाकार होता. गिरगावातल्या त्यांच्या वाड्यातच कंपनीचे सुरुवातीचे कामकाज चाले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मार्गदर्शक बाईंनी येथे एक चांगला प्रश्न आमच्यापुढे ठेवला. नानांसारखी माणसे यात का पडली असतील? अफू आणि कापसाच्या व्यापाराने उभे राहिलेले मुंबईचे भांडवल, सह्याद्रीच्या भिंतीमुळे देशावरून मुंबईला पोहोचायला लागणारा वेळ, आणि पावसाळ्यात चार महिने जवळजवळ बंद पडणारी बैलांची वाहतूक, असा त्यांनी त्या प्रश्नाचा पट मांडला. त्यामुळे रेल्वे ही इंग्रजांनी एकतर्फी आणलेली वस्तू आहे हा समज मोडतो, आणि ती आपल्या माणसांनी मिळवली हा दुसरा, तितकाच सोपा समजही टिकत नाही.

जॉन चॅपमन या माणसाची ओळख या फेरीत झाली, याबद्दल मी आयोजकांचा खरोखर आभारी आहे. इंग्लंडमधल्या लफबरोचा हा गृहस्थ मूळचा जाळीदार वस्त्र विणणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातला. तो १८४५ मध्ये मुंबईला आला, थळ (कसारा) आणि भोर (खंडाळा) या दोन्ही घाटांचा त्याने अभ्यास केला आणि त्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून किती माल उतरतो याची आकडेवारी गोळा केली. वऱ्हाडातला कापूस तांड्यांच्या पाठीवरून बंदरापर्यंत येताना धुळीने माखतो, भिजतो आणि उशिरा पोहोचतो, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना पटवणे हा त्याच्या खटपटीचा गाभा होता. पुढे कंपनी उभी राहिली, पण ती उभी करणारा हा माणूस बाजूला पडला आणि १८५४ मध्ये लंडनमध्ये पटकीने वारला. त्याच्याविषयी मार्गदर्शक बाई अगदी तन्मयतेने बोलल्या, आणि पदपथावरची गर्दी विसरून आम्ही ते ऐकले.

यानंतर आला तो या फेरीचा सर्वांत मोलाचा भाग. टर्मिनसच्या एका बाजूला सावलीत थांबून बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक छापील पान दिले. त्यावर १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जी. आय. पी. यांच्यात झालेल्या कराराच्या मुख्य अटी सोप्या मराठीत मांडलेल्या होत्या. त्याच महिन्याच्या १ तारखेला ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ही रेल्वे कंपनी स्थापन झाली होती. करारातला पहिला टप्पा सुमारे ५६ किलोमीटरच्या प्रायोगिक मार्गाचा होता, आणि हा मार्ग पुढे खानदेश, वऱ्हाड आणि इतर इलाख्यांना जोडणाऱ्या लांब मार्गाचा आरंभ ठरावा अशी कल्पना होती. सरकार जमीन फुकट देणार होते आणि भागधारकांनी भरलेल्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी देणार होते. मार्ग चालो वा न चालो, नफा होवो वा न होवो, ते पाच टक्के लंडनमध्ये पोहोचते होणार होते. नफा त्याहून जास्त झाला तर आधी दिलेल्या हमीच्या रकमेची फेड आणि वाटणी यांचे नियम होते, आणि मार्ग डोईजड वाटला तर सहा महिन्यांची सूचना देऊन तो सरकारच्या गळ्यात घालण्याची व खर्च केलेले भांडवल परत घेण्याची मुभाही कंपनीला होती.

या अटी बाई वाचून दाखवत बसल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडून हिशेब करवून घेतला. एका भागधारकाने एक लाख पौंड भरले असे समजा, तर त्याला दर वर्षी पाच हजार पौंड मिळतील, आणि वीस वर्षांत गाडी एकही मैल न धावता त्याचे भरलेले सगळे पैसे व्याजरूपाने परत आलेले असतील, शिवाय भांडवल जागच्या जागी राहील. आमच्यातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लगेच विचारले, “मग ताई, खर्च कमी ठेवायची गरज कोणाला होती?” बाई म्हणाल्या, “काका, त्याच प्रश्नासाठी मी हा कागद छापला.” कंपनीला काटकसर करण्याचे कारणच उरले नव्हते. लॉर्ड डलहौसी यांच्या काळी मैलामागे सुमारे आठ हजार पौंड खर्चाचा अंदाज धरला जात होता. हमीच्या पद्धतीने बांधलेल्या मार्गांचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून पुढे गेला. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना स्पष्ट सांगितले होते की, आपले पैसे हुगळीत फेकले जातात की विटाचुन्यात जातात याच्याशी व्याजाची हमी असलेल्या इंग्रज भांडवलदाराला काही कर्तव्य नव्हते. भागधारक जवळजवळ सगळे ब्रिटनमधले होते, आणि तूट भरून निघत होती ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून. ज्या कुणब्याने आगगाडी कधी पाहिलीही नसेल त्याच्या साऱ्यातला काही भाग लंडनमधल्या एखाद्या भागधारकाच्या खात्यात जमा होत होता. दादाभाई नौरोजींनी पुढे मांडलेला संपत्तीच्या निःसारणाचा विचार शाळेत वाचताना कोरडा वाटतो. त्या सावलीतल्या वीस मिनिटांत तो मला प्रथमच नीट समजला.

या हिशेबात भर घालावी अशी एक बाब त्या पानावर नव्हती. करारात रुपयाचा दर एक शिलिंग दहा पेन्स असा बांधून घेतलेला होता. पुढे चांदीचे मोल घसरल्यावर रुपयाचा बाजारातला दर त्याहून बराच खाली आला, आणि जुन्या दराने हिशेब करण्याचा भारही सरकारी तिजोरीवर पडत राहिला. ही अट पुढच्या आवृत्तीत घ्यावी.

तेथून आम्ही मशीद बंदरच्या दिशेने थोडे चाललो आणि मग लोकलने भायखळ्याला गेलो. १६ एप्रिल १८५३ च्या प्रवासाची कथा वाटेत सांगितली गेली. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली गाडी, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी आणि ठाण्यापर्यंतचा ३४ किलोमीटरचा मार्ग, हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि मार्गदर्शक बाईंनीही ते भराभर आटोपले, हे बरे झाले. मात्र हाती दिलेल्या पुस्तिकेत या गाडीला भारतातली ‘पहिली रेल्वे’ म्हटले आहे, ते सैल आहे. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रूळ टाकले गेले होते आणि रुडकीजवळ सोलानीच्या जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये इंजिन धावले होते. बोरीबंदर ते ठाणे हा जनतेसाठी सुरू झालेला पहिला प्रवासी मार्ग होता. त्याचे मोठेपण एवढ्यानेही पुरेसे आहे आणि तेवढेच लिहावे.

भायखळा स्थानकाचा थांबा लहान पण समाधान देणारा आहे. पहिल्या गाडीच्या काळापासूनचे हे ठिकाण, आणि पहिल्या लाकडी स्थानकाच्या जागी १८५० च्या दशकातच उभी राहिलेली दगडी इमारत. तिच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा पुरस्कारांत २०२२ साली गौरव मिळाला. बोरीबंदरची भव्यता पाहून आल्यावर या ठेंगण्या, कामापुरत्या इमारतीत सुरुवातीच्या जी. आय. पी.चा खरा आकार समजतो. लाकडी जिने, लोखंडी खांब आणि तिकीट खिडकीची जुनी ठेवण दाखवताना बाईंनी कोठेही घाई केली नाही. बसायला जागा मिळाली, स्वच्छतागृह जवळ होते, आणि आमच्यातील दोन ज्येष्ठ सभासदांसाठी फेरीचा वेग आपणहून कमी केला गेला. या गोष्टी परीक्षणात सहसा येत नाहीत, पण सत्तरीतल्या माणसाला एखादी फेरी झेपते की नाही हे त्यांवरच ठरते.

दुसरा रविवार घाटाचा. त्या दिवशी मार्गदर्शक बाईंच्या जोडीला घाट विभागात अनेक वर्षे गाडी चालवलेले एक निवृत्त ड्रायव्हर काका होते. कर्जतच्या फलाटावर सगळ्यांनी आधी वडे खाल्ले, आणि मग काकांनी त्या थांब्याचे कारण सांगितले. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना सगळे ‘बँकर’ म्हणतात. चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आमच्यातील एका मुलाने विचारले, “आजोबा, इंजिने पुढेच का नाही लावत सगळी?” काकांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवली. सगळा जोर पुढून ओढण्यावर आला तर डब्यांच्या जोडण्यांवर ताण येतो आणि एखादी जोडणी तुटली तर मागचे डबे उताराने घरंगळत जातात. मागून रेटा असला की ताण वाटला जातो आणि मागे आधारही राहतो. उतरणीच्या मार्गावरील कॅच साइडिंगची व्यवस्था त्यांनी याहून चांगली समजावली. उतरत्या गाडीने ठरल्या जागी थांबायचेच असते, कारण काटे नेहमी मुख्य मार्गाविरुद्ध, डोंगराकडे चढत जाणाऱ्या त्या बाजूच्या रुळांकडे लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्यावरच काटा बदलून तिला पुढे सोडतात. ब्रेक निकामी झालेली गाडी चढावर जाऊन आपोआप थांबावी, यासाठी ही योजना आहे. घाटातून शेकडो वेळा गेलेल्या माझ्यासारख्याला त्या निष्कारण वाटणाऱ्या थांब्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

गाडीने आम्ही लोणावळ्याला गेलो आणि तेथून रस्त्याने खंडाळ्याच्या कड्यावर आलो. रुळांवर किंवा बोगद्यांत कोणालाही नेले नाही. तेथे जाण्यास मनाई आहे आणि आयोजकांनी ती पाळली, हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण छायाचित्रांच्या नादात हा नियम मोडणारे गट मी पाहिले आहेत. कड्यावरून समोर दिसणारा घाट आणि हातातला जुना नकाशा यांच्या साहाय्याने १८६३ चा मार्ग कसा होता ते सांगितले गेले. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, १,८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. कड्याजवळ पुरेसे वळण घ्यायला जागा नसल्याने तेथे रिव्हर्सिंग स्टेशन केले होते. गाडी एका बंद टोकाशी येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाई, आणि मग गाडी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दुसऱ्या पायासारखी उलट दिशेने वर जाऊ लागे. विसाव्या शतकात विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९ मध्ये, नव्या बोगद्यांतून मार्ग वळवून ही अडचण दूर केली गेली. घाटातला मार्ग खुला होण्याआधी पाच वर्षे, म्हणजे १८५८ ते १८६३, पुणे ते खंडाळा आणि मुंबई ते खोपोली असे दोन तुकडे चालू होते आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडत असत. घाटाची उंची किती हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग नाही. त्यासाठी आमच्यापुढे एका उतरत्या पायवाटेकडे बोट दाखवले गेले आणि सगळे काही क्षण तिच्याकडे पाहत राहिले.

येथपर्यंत सगळे उत्तम होते. पुस्तिकेतील पुढचा भाग माणसांचा आहे. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांचे यथार्थ कौतुक त्यात आहे. रॉबर्ट स्टीफनसन यांच्या शिफारशीने नेमलेला हा अभियंता १८५० मध्ये मुंबईत आला, दोन्ही घाटांची आखणी त्याने केली, प्रकृती खालावल्याने मायदेशी परतला आणि घाट खुला होण्याच्या आधीच, १८६२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी वारला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचे उद्घाटन केले तो दिवस त्याने पाहिला नाही. त्यानंतर पुस्तिकेत ॲलिस ट्रेडवेल यांची गोष्ट येते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच काळात वारले आणि त्यांच्या पत्नीने कंत्राट सोडून न देता पुढे चालवले. ही हकीकत खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण ‘एका स्त्रीने घाट बांधला’ असे जे शीर्षक पुस्तिकेत दिले आहे, ते इतिहासाशी प्रामाणिक नाही. प्रत्यक्ष बांधकामाची व्यवस्था त्यांनी नेमलेल्या ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांकडे होती. ॲलिसबाईंचे धैर्य कंत्राटाची जबाबदारी अंगावर घेण्यात होते. ते इतके मोठे आहे की त्याला खोट्या शब्दांचा टेकू देण्याची गरज नाही.

आणि डोंगर फोडणारे? पुस्तिकेच्या चोवीस पानांत त्यांना सहा ओळी आहेत. कामाच्या भराच्या काळात, १८६१ मध्ये, भोर घाटात एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. डायनामाइट तेव्हा नव्हते. काळ्या पाषाणात हाताने छिद्रे पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासली जात होती. सरळ तुटलेल्या कड्यांवर पाय ठेवायला जागा नसे, तेथे माणसे दोरांनी खाली सोडून भोके पाडली गेली. दगड फोडणारे, खोदकाम करणारे वडार, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया आणि त्यांची मुले, असे कुटुंबच्या कुटुंब कामावर असे. पावसाळ्यात उघड्यावरचे काम थांबे, माणसे पांगत आणि दसऱ्यानंतर पुन्हा जमवावी लागत. पटकी, हिवताप आणि अपघात यांनी किती बळी घेतले याची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. इतिहासकारांनी मांडलेला अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. यातला एकही मुद्दा फेरीत खोटा सांगितला गेला नाही, पण यातले बहुतेक सांगितलेच गेले नाही.

पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून घाटाच्या पायथ्याशी मोठा दंगा झाला होता. कंपनी कंत्राटदाराला देणार, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला, आणि मुकादम मजुराला, अशा साखळीत शेवटच्या माणसापर्यंत पैसे पोहोचतच नसत. दंग्यानंतर थोड्याच महिन्यांत फॅव्हिएलच्या हातून हे काम गेले, आणि १८६० मध्ये बांधकामावरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांपुढे लवकर निकालात काढण्याचा कायदा झाला. त्याच कायद्यात काम अर्ध्यावर सोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही होती. पहिल्या रविवारी ज्या कौशल्याने पाच टक्क्यांची हमी समजावली गेली, त्याच कौशल्याने ही साखळी समजावली असती, तर दोन्ही दिवस एकमेकांना जोडले गेले असते. एका टोकाला लंडनमधला भागधारक, ज्याचे व्याज एक दिवसही चुकत नाही, आणि दुसऱ्या टोकाला पळसदरीच्या वरच्या कड्यावर दोराने लोंबकळणारा वडार, ज्याची आठवड्याची मजुरी मुकादमाच्या कमरेला अडकली आहे, अशी ही एकच कंपनी होती. फेरीने मला ती दोन्ही टोके वेगवेगळ्या रविवारी जवळजवळ दाखवली, पण त्यांच्यामधला दोर दाखवला नाही.

मी हे कड्यावरच बोलून दाखवले. मार्गदर्शक बाईंनी टाळाटाळ केली नाही. साधने इंग्रजी कागदपत्रांतच आहेत आणि त्यांत मजुरांची नावे नाहीत, ही अडचण त्यांनी प्रांजळपणे मांडली. ती खरी आहे. पण नावे नसली तरी काम आहे. सुरुंगाच्या भोकांच्या खुणा घाटातल्या जुन्या कातळांवर अजून ओळखू येतात असे ड्रायव्हर काकांनी मग स्वतःहून सांगितले, आणि दुर्बिणीतून एका कापलेल्या दरडीकडे बोट दाखवले. दगडाच्या तोंडावर उभ्या, बोटाएवढ्या रुंद पन्हाळी ओळीने उतरलेल्या दिसत होत्या. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या हे दुरून सांगता येणार नाही, असे काकांनी लगेच बजावले, आणि त्यांचा हा सावधपणा मला आवडला. दोन दिवसांत मजुराच्या हाताच्या इतक्या जवळ आम्ही तेव्हाच एकदा आलो. हा थांबा बेतात नव्हता. तो बेतात यायलाच हवा.

घाटानंतरची हकीकत फेरीत थोडक्यात उरकली जाते आणि ते योग्यच आहे. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला व चौकशीत दगडकामाचा हलकेपणा उघड झाला, हा प्रसंग सांगितला गेला. हमीच्या व्याजामुळे खर्च वाढला म्हणजे काम चांगले झाले असे समजू नये, एवढे त्यातून कळते. मग १८६७ मध्ये नागपूर, १८७० मध्ये जबलपूरजवळ ईस्ट इंडियन रेल्वेशी जोड, १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोड. १९०० मध्ये सरकारने मार्ग विकत घेतला, तरी चालवण्याचे काम कंपनीकडेच ठेवले, आणि १ जुलै १९२५ पासून सरकारने कारभार हाती घेतला. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली होती. १ जून १९३० ची डेक्कन क्वीन आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत झालेले विलीनीकरण इथपर्यंत आल्यावर ड्रायव्हर काकांनी घाटातल्या जुन्या विजेच्या मालइंजिनाची, त्याच्या डुलत्या चालीमुळे ज्याला सगळे ‘खेकडा’ म्हणत त्याची, आठवण सांगितली. तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता.

पुस्तिकेच्या भाषेविषयीही लिहिले पाहिजे. निरूपण जितके स्वच्छ मराठीत आहे तितकी पुस्तिका नाही. ती इंग्रजीतून घाईने उतरवलेली असावी असे वाक्यावाक्याला जाणवते. कारखान्यात, यार्डात, फलाटावर पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले शब्द, सांधेवाला, खलाशी, गँगमन, दांडी, काटा, हे तिच्यात कोठेच नाहीत, आणि त्यांच्या जागी कोणी बोलत नाही असे घडवलेले संस्कृत शब्द आहेत. ज्या गटाकडे घाटात आयुष्य घालवलेले ड्रायव्हर काका आहेत, त्याने ती पुस्तिका छापण्याआधी त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यावी.

व्यवहाराच्या गोष्टी. शुल्कात पुस्तिका, पहिल्या दिवसाचा चहा आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्यापासूनचे वाहन येते. लोकल व घाटातल्या गाडीचे तिकीट आपले आपण काढायचे असते, आणि ही बाब नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगितलेली नव्हती, त्यामुळे कर्जतला दोन कुटुंबांची धावपळ झाली. खंडाळ्याच्या कड्यावर चालणे अर्ध्या तासाचे आहे, वाट खडकाळ आहे, पण हातात काठी असली तर ज्येष्ठांना जमते. दहा वर्षांखालच्या मुलांना पहिला दिवस लांब वाटेल. दुसऱ्या दिवशी त्यांना अवश्य न्यावे. पावसाळ्यानंतर लगेच जावे, दरीत पाणी असते आणि हवा निवळलेली असते. जमल्यास घरची दुर्बीण बरोबर घ्या, कारण आयोजकांकडे एकच आहे, आणि त्या दरडीपुढे उभे असताना आमच्यापैकी प्रत्येकाला ती पुन्हा एकदा हवी होती.